ग्लासातला तो गाळ सळईचा असतो, पाण्याचा नव्हे

दुपारी घरात एखादी आजी किंवा काकू एकटी असते, तेव्हा बेल वाजते. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. "पाणी तपासायचंय, पैसे नाहीत." बोलण्यात महापालिकेचं नाव असं पेरलेलं असतं, की माणूस तिथलाच वाटावा. तो दोन ग्लास मागतो: एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं, आरओ या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं. प्लास्टिकच्या झाकणाला चार सळया लावलेलं यंत्र दोन्ही ग्लासांवर ठेवतो आणि वायर प्लगमध्ये खोचतो.

मिनिटभरात नळाच्या पाण्याला हिरवट झाक येते, बुडबुडे उठतात, मग गंजासारखा तपकिरी साका जमतो. आरओचं पाणी जसंच्या तसं. "हे तुम्ही नातवंडांना पाजता." यानंतर पंधरा-वीस हजारांचं आरओ यंत्र नको म्हणणं अवघड जातं, आणि लोक सही करतात.

तो गाळ पाण्यात नव्हताच. चार सळयांपैकी प्रत्येक ग्लासात दोन जातात: एक लोखंडाची, एक ॲल्युमिनियमची. शाळेत शिकलेलं हे विद्युत अपघटन. लोखंड विरघळतं आणि पाण्यात त्याचा हायड्रॉक्साइड होतो. आधी हिरवट, हवा लागली की तपकिरी. 0.1 ॲम्पिअर प्रवाह मिनिटभर वाहिला तरी सुमारे 1.7 मिलिग्रॅम लोखंड सळईतून सुटतं. 200 मिलीच्या ग्लासात ते लिटरला जवळजवळ 9 मिलिग्रॅम झालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) लोखंडाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे चांगलं पाणी त्याने तुमच्यासमोर खराब केलं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई विरघळत नाही, एवढंच.

पडताळायचं असेल तर प्लग काढायला लावा, त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ ढवळा आणि यंत्र पुन्हा चालू करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होतं. ग्लासात बोट मात्र घालू नका, थेट घरातली वीज असते ती.

दुसरं हत्यार टीडीएस मीटर. तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं धरतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. भातसा, तानसा, खडकवासला अशा धरणांचं पाणी 500 च्या बरंच खाली असतं. त्यामुळे "120 आलंय, फार आहे" हे ऐकलं की दार लावून घ्यावं. जंतू या मीटरला दिसतच नाहीत. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. असा जिवाणू असलेल्या पाण्याचाही टीडीएस अगदी 'छान' येऊ शकतो.

आम्हाला सगळ्यात जास्त चीड येते ती तिसऱ्या प्रकाराची. विक्रेता नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाकतो, पाणी पिवळं होतं आणि तो म्हणतो, "विष." ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर रोज हीच ओटी टेस्ट करतो, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन तपासतो. पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, आणि नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम ते असायलाच हवं. काळजी करायची ती रंग आला नाही तर. जलवाहिनी फुटून गटाराचं पाणी आत शिरलं, की क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. पाणी दिवसातून दोन तास येत असेल, तर उरलेल्या वेळी रिकामी पाइपलाइन गळतीतून बाहेरची घाण ओढून घेते. वास, गढूळपणा किंवा ओटीला रंग न येणं, यातलं काही दिसलं तर महापालिकेकडे तक्रार करा आणि पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळत ठेवा.

आरओ कधीच लागत नाही असं नाही. बोअरवेलचं पाणी खारं असेल, किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांसारखं फ्लोराइड असेल, तर आरओ उपयोगी पडतो. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. पण ते ठरवायचं प्रयोगशाळेच्या अहवालावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, तिथे नमुना द्या. फ्लोराइड (लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या आत), नायट्रेट (45 मिलिग्रॅमच्या आत) आणि ई. कोलाय (100 मिलीत एकही नको) हे तिन्ही आवर्जून मागा.

पैसे देऊन बसला असाल, तर बिल, पावती आणि प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ किंवा साक्षीदार जपा. खोटी माहिती देऊन वस्तू विकणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची.