टेन्साइल शेडमधली फसवणूक: कापड वर चढलं की पुरावाही वर जातो

टेन्साइल शेडच्या, म्हणजे खांब आणि तारांवर कापड ताणून केलेल्या छतांच्या, धंद्यात गिऱ्हाइकाला गंडवायला फार अक्कल लागत नाही. कापड ताणून वर चढवलं की ते कुणाच्या हाताला लागत नाही, पाया मातीखाली जातो आणि खालून बघणाऱ्याला पांढरंशुभ्र, गुळगुळीत छत तेवढं दिसतं. आमच्या संस्थेच्या खेळाच्या मैदानावर असंच एक छत उभं राहिलं. त्यात काय काय खोटं निघालं आणि ते कशावरून कळलं, ते सविस्तर लिहितो. पार्किंग, शाळेची पटांगणं, गोदामं, बसथांबे, सगळीकडे ही छतं होऊ लागली आहेत आणि विकणाऱ्याला जे माहीत असतं त्यातलं निम्मंही घेणाऱ्याला माहीत नसतं. ठेकेदाराचं नाव देत नाही, वाद अजून चालू आहे.

सुरुवात फोटोंनी झाली. जेद्दाह विमानतळाचं हज टर्मिनल, डेन्व्हर विमानतळाचं शिखरांचं छत, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं स्टेडियम. "हेच तंत्रज्ञान, तीस वर्षं वर बघायला नको." हज टर्मिनल १९८१चं आणि डेन्व्हर १९९५चं, हे खरं आहे. पण त्या दोन्ही ठिकाणी काचेच्या धाग्यांचं कापड असून त्यावर टेफ्लॉनचा थर आहे. ते पेट घेत नाही, उन्हाला दाद देत नाही आणि महागही बरंच असतं. आमच्यासारख्यांना विकतात ते पॉलिएस्टरचं कापड, त्यावर पीव्हीसीचा थर. तेही वाईट नाही. प्रत चांगली असेल आणि वरचा संरक्षक लेप योग्य असेल तर पंधरा-वीस वर्षं आरामात जातात. फक्त एकाचे फोटो दाखवून दुसरं विकायचं नसतं. म्युनिकचं छत तर कापडाचं नाहीच, तारांच्या जाळ्यावर ॲक्रिलिकचे तक्ते बसवलेले आहेत. हे ठेकेदाराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मग आला नमुना. वहीच्या पानाएवढा, जाडजूड, मागे उत्पादकाचं लेबल, ९०० जीएसएम, वर पीव्हीडीएफचा (एक फ्लोरिनयुक्त प्लास्टिक) संरक्षक लेप. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. करारात मात्र "उच्च प्रतीचं आयात केलेलं पीव्हीसी कापड" एवढंच उतरलं. उत्पादकाचं नाव नाही, मालाचा क्रमांक नाही. विचारल्यावर उत्तर तयार होतं: "उपलब्धतेप्रमाणे समतुल्य माल देतो." समतुल्य कशाच्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ही छतं जागेवर शिवत नाहीत. रोल कार्यशाळेत उलगडतात, मापाने पट्टे कापतात, ते वेल्डिंगने, म्हणजे कडा तापवून एकमेकींना चिकटवून, जोडतात आणि तयार गठ्ठा जागेवर आणतात. म्हणजे रोलवरचं लेबल, त्यावरचा बॅच क्रमांक, हे गिऱ्हाइकाच्या नजरेस पडतच नाही. फसवणुकीला सगळ्यात सोयीची जागा हीच. कापणीच्या दिवशी कार्यशाळेत माणूस पाठवायचा हक्क करारात लिहून घ्या. लेबलांचे फोटो काढा आणि त्याच रोलचे दोन-चार मीटर कापड शिल्लक म्हणून मागून घ्या, पुढे ठिगळालाही तेच लागतं. आम्ही कार्यशाळा बघायची म्हटलं तेव्हा ती कधी "दुसऱ्या गावी" होती, तर कधी "कामगार सुट्टीवर" होते.

पहिल्याच उन्हाळ्यानंतर कापडाचा वरचा भाग चिकट लागू लागला. धूळ बसली की पुसून निघेना. लवचीकपणा यावा म्हणून पीव्हीसीत जे तेलकट द्रव्य घालतात, ते वरचा लेप निकृष्ट असला की पृष्ठभागावर येऊ लागतं, धूळ धरून ठेवतं आणि कापड कडक होत जातं. मग एक कोपरा फाटला. दुरुस्तीला आलेल्या कामगाराने गरम हवेची बंदूक काढली आणि पृष्ठभाग न घासता ठिगळ थेट चिकटवलं. ते फटक्यात चिकटलं. त्या वेळी सगळ्यांना बरं वाटलं, अर्थ नंतर एका अभियंत्याने सांगितला. शुद्ध पीव्हीडीएफचा लेप असेल तर त्यावर वेल्डिंग धरत नाही, जोडाच्या जागी तो आधी घासून काढावा लागतो. थेट वेल्ड होणारे मिश्र लेपही बाजारात असतात, पण आम्हाला, करारात नसलं तरी, लेखी आश्वासन शुद्ध लेपाचं होतं.

त्या अभियंत्याने पुढे जे केलं ते कुणालाही घरी करता येईल. छताच्या कोपऱ्याला कापड धरणाऱ्या लोखंडी प्लेटखाली दाबलेल्या जादा कापडातून बरोबर दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापला आणि सोनं तोलायच्या काट्यावर ठेवला. एवढ्या तुकड्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर म्हणजे जीएसएम. काटा नऊ ग्रॅम दाखवायला हवा होता, साडेसहावर थांबला. मग त्याने तुकड्याची कड नखाने सोलली. वरचा पापुद्रा सरळ सुटून आला आणि आत विरळ जाळी दिसली. चांगल्या कापडात पातळ पीव्हीसी विणीत मुरवलेलं असतं, थर सहजासहजी सुटत नाही. आमच्याकडे दोन पापुद्र्यांमध्ये जाळी चिकटवलेली होती, म्हणजे जाहिरातीच्या फ्लेक्सचाच थोरला भाऊ डोक्यावर ताणला होता.

वजनावरही डोळे झाकून विसंबू नका. खडूची भुकटी मिसळून पीव्हीसी जड करता येतं, ताकद मात्र आतल्या धाग्यात असते. म्हणून ताणपरीक्षा करून घ्या, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना. ९०० जीएसएमच्या चांगल्या कापडाची पाच सेंटिमीटर रुंद पट्टी तोडायला चार हजार न्यूटनच्या आसपास, म्हणजे साधारण चारशे किलोची ओढ लागते. आमची पट्टी त्याच्या निम्म्यावर तुटली. आगरोधक असल्याचं प्रमाणपत्रही होतं, रंगीत, शिक्क्यासह. नीट वाचल्यावर त्यावरचं वजन वेगळं, मालाचं नाव वेगळं आणि ज्याच्या नावे चाचणी झाली तो उत्पादकही वेगळा निघाला. प्रमाणपत्र खोटं नव्हतं, फक्त आमच्या कापडाचं नव्हतं. अशा कागदावरचा क्रमांक थेट उत्पादकाला कळवून विचारावं. त्याचा पत्ता मात्र ठेकेदाराकडून घेऊ नये, आपला आपण शोधावा.

कापडापेक्षा मोठी लबाडी आकारात होती, आणि ती तर दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर होती. ताणलेलं कापड दोन उलट दिशांना वाकलेलं असावं लागतं: एका दिशेने खोगिरासारखं खोलगट, आडव्या दिशेने उंचवटा. मग वारा वर उचलू लागला तर एका दिशेचे धागे धरतात आणि वरून पाणी पडलं तर दुसऱ्या दिशेचे. सपाट कापडात हे होत नाही, ते नुसतं फडफडतं. आम्हाला दाखवलेल्या संगणकी चित्रात दोन उंच आणि दोन बुटके खांब होते, छान मुरड होती. प्रत्यक्षात चारही खांबांच्या उंचीत नाममात्र फरक ठेवला. "दिसायला एकसारखं बरं दिसतं," हे कारण. खरं कारण असं की मुरड कमी केली की कापड कमी लागतं, लोखंड कमी लागतं आणि पट्ट्यांच्या कापणीचं गणितही करावं लागत नाही.

परिणाम पहिल्याच मोठ्या पावसात दिसला. मधोमध पाणी साचलं. एक चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्या वजनाने कापड खाली येतं, खाली आलं की आणखी पाणी साठतं, आणि ताणलेलं पॉलिएस्टर नंतर पूर्ववत होत नाही. ठेकेदाराच्या माणसाने खालून काठीने ढोसून पाणी सांडवलं आणि "आता दर पावसात एवढं करत जा" असं सांगून गेला. छताला माणूस ठेवायची ही कल्पना माझ्या ऐकण्यात पहिलीच.

पायाचं प्रकरण कळलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. स्लॅबच्या इमारतीत पायाने मुख्यतः वजन खाली पेलायचं असतं. हलक्या छतात वारा खांब उपटू बघतो, म्हणून पाया जड हवा. हिशोब सोपा आहे. सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर जवळजवळ शंभर किलो भरतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वर उचलणारा जोर याच्या निम्मा धरला तरी दोनशे चौरस मीटरच्या छताला दहा टन होतात, आणि बाजूच्या ताणतारांमुळे पायावर येणारी ओढ याहून जास्त असू शकते. काँक्रीटचा घनमीटर असतो सुमारे २.४ टनांचा. नकाशात प्रत्येक खांबाला दीड मीटर लांब, रुंद आणि खोल ठोकळा होता, म्हणजे आठ टन. अभियंत्याने एका खांबाशी खणायला लावलं. ठोकळा मीटरभर लांब-रुंद आणि पाऊण मीटर खोल निघाला. आठ टनांच्या जागी दोन टनही नाहीत. आजूबाजूची माती थोडं धरते, पण तिच्या भरवशावर मुलांना खाली खेळायला कोण सोडणार? खड्डे आखणीच्या दिवशी मापलेले होते, काँक्रीट ओतलं ते संध्याकाळी उशिरा, कुणी नसताना. ओतण्याआधी खड्ड्यात टेप लावून फोटो काढा आणि काँक्रीटच्या गाडीची पावती घ्या.

लोखंडाचं थोडक्यात सांगतो. "हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड", म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणून आलेले खांब चंदेरी झिंक रंगाने रंगवलेले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सहा मिलिमीटरहून जाड पोलादावर खऱ्या गॅल्व्हनायझिंगचा थर आयएसओ १४६१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सरासरी ८५ मायक्रॉन असावा लागतो, आणि तो मापायचं छोटं यंत्र कुठलाही रंगकामाचा तपासनीस घेऊन येतो. तारा स्टेनलेसच्या सांगितलेल्या, त्यांना तांबडे ओघळ आले. चुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कारण ओढून केलेली चांगली स्टेनलेस तारही थोडीफार चुंबकाला चिकटते. तारेच्या उत्पादकाचं प्रमाणपत्र मागणं हाच मार्ग.

दुसरी फसवणूक देखभालीच्या नावाखाली झाली. वार्षिक करार होता, दर भेटीनंतर छापील अहवाल यायचा: "छत धुतलं, सर्व टर्नबकल तपासून ताण दिला." टर्नबकल म्हणजे फिरवून ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड. पॉलिएस्टरचा धागा सततच्या ओढीने हळूहळू सैलावतो, आडव्या दिशेने जास्त. म्हणून पहिल्या वर्षात पुन्हा ताण देणं आवश्यकच असतं. परांची बांधून वर गेल्यावर दिसलं की उभारणीच्या वेळी रंगवलेल्या टर्नबकलच्या आट्यांवरचा रंग जसाच्या तसा आहे. एकदा जरी फिरवला असता तर रंग तडकला असता. आणि फिरवायचं म्हटलं तरी जागा नव्हती. उभारतानाच सगळे टर्नबकल टोकापर्यंत आवळलेले, कारण कापड मापापेक्षा मोठं कापलं गेलं होतं. काम ताब्यात घेताना किती आटे शिल्लक आहेत, हे शिडीवर चढून पाहा.

धुणं मात्र त्यांनी खरोखर केलं होतं, दुर्दैवाने. ब्लीचिंग पावडर आणि जवळून मारलेला प्रेशरचा फवारा. या कापडाला सौम्य साबण, मऊ ब्रश आणि साधं पाणी एवढंच पुरतं. ब्लीच, थिनर किंवा खरखरीत ब्रश लावला की लेप जातो. कड उघडी पडली तर धाग्यांतून पाणी आत ओढलं जातं आणि आतून काळी बुरशी चढते, ती बाहेरून कितीही घासली तरी जात नाही. आमच्या जोडांच्या कडेने ती रेषारेषांनी पसरलेली आहे.

तक्रार केल्यावर हमीपत्र पुढे आलं. दहा वर्षांची हमी, पण दर वर्षी रक्कम घटत जाणारी. त्यातही फक्त कापडाची किंमत, उतरवणं, चढवणं, क्रेन, मजुरी सगळं वगळलेलं. शिवाय "अतिवृष्टी, वादळ व अयोग्य देखभाल" वगळलेली, आणि देखभाल कुणाकडे होती ते वर आलंच आहे. खालच्या ओळीत ठेकेदाराने नवं कापड "सवलतीत" द्यायची तयारी दाखवली होती.

कापड आम्ही उतरवलं आहे, कारण त्या पायांवर वादळाचा मोसम काढायला अभियंता तयार नव्हता. ठेकेदाराचं आताचं म्हणणं असं की उन्हापावसाने कापडाचं वजन आणि ताकद घटली, दिलं होतं ते ९०० जीएसएमच. अशा वादात असाल तर तुकडा छताच्या मधून कापू नका, कोपऱ्याच्या प्लेटखालून कापा. तिथे ऊन पोहोचत नाही, त्यामुळे तिथलं कापड आलं तसंच असतं. दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर कापायचं, तीन भाग करून तिन्हींवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. एक प्रयोगशाळेला द्यायचा, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे सीलबंद. आमच्या वेळी ठेकेदाराच्या माणसाने कापताना सही केली, वजन झाल्यावर मात्र आपला तुकडा न घेताच निघून गेला.