रोममधील पँथिऑनची गाइडसह फेरी : वास्तू अपूर्व, माहिती अपुरी

रोमला गेलो तेव्हा पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर पाहण्यासाठी मी पाऊण तासाची, गाइडसह असलेली फेरी आधीच आरक्षित केली होती. वास्तूला पूर्ण गुण आणि फेरीला निम्मे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चूक दारातच झाली. दर्शनी भागावरील लॅटिन अक्षरे वाचून दाखवत, हे मंदिर सम्राट ऑगस्टसचा सेनापती मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी, असताना बांधले, असे गाइडने सांगितले आणि तो आम्हाला आत घेऊन गेला. शिलालेखात लिहिले आहे तेच. पण अग्रिप्पाचे मंदिर इ.स. 80 च्या आगीत जळाले, सम्राट डोमिशियनने पुन्हा उभारलेली वास्तू 110 च्या सुमारास वीज पडून नष्ट झाली, आणि आज आपण पाहतो ते मंदिर सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, 125 च्या सुमारास पूर्ण झाले. स्वतःचे नाव न घालता हेड्रियनने मूळ बांधणाऱ्याचे नाव दर्शनी भागावर कोरवले. एका सम्राटाचा हा निर्णय मला या वास्तूइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच सांगायचा राहिला.

आत पाऊल टाकताच मात्र कोणत्याही निवेदनाची गरज उरत नाही. मंदिर म्हटले की आपल्या मनात अरुंद, अंधारा गाभारा येतो. रोमन मंदिरांतही आतली खोली देवाच्या मूर्तीची असे, बळी बाहेरच्या वेदीवर दिला जाई आणि लोक बाहेरच जमत. येथे हा क्रमच उलटलेला आहे, कारण सारे वैभव आत आहे. घुमटाचा व्यास सुमारे 43.3 मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच, त्यामुळे या पोकळीत एक पूर्ण गोल बरोबर मावेल. लोखंडी सळयांचा आधार नसलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही नाही. त्याचे रहस्य मिश्रणात आहे : खाली जड दगडाचे तुकडे, वर जाताना क्रमाने हलके, आणि माथ्याजवळ प्युमिस हा सच्छिद्र ज्वालामुखी दगड, भिंतीची जाडी तळाशी सुमारे सहा मीटर, तर माथ्यावरील उघड्या झरोक्यापाशी जेमतेम सव्वा मीटर.

त्या सुमारे नऊ मीटर रुंद झरोक्यातून उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकत असतो. पँथिऑन या नावाचा अर्थ ‘सर्व देवांचे’ असा होतो. परंतु घुमट आकाशासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले असावे, असे मत इतिहासकार कॅसियस डिओने तिसऱ्या शतकात नोंदवले होते. तो कवडसा पाहत उभे राहिल्यावर मला डिओचेच म्हणणे पटले.

आतली गरम हवा वर जात असल्यामुळे झरोक्यातून पाऊस आत येत नाही, असेही गाइडने ठामपणे सांगितले. दहाच मिनिटांत सर आली, कर्मचाऱ्यांनी मध्यभागी दोरी लावली, आणि किंचित फुगीर फरशीवरून पाणी तिच्यातल्या छोट्या छिद्रांत वाहून गेले. रोमन स्थपतींनी पाऊस गृहीत धरून केलेली ही योजना समोर दिसत असताना ती दंतकथा ऐकवली जावी, याचे मला वाईट वाटले.

उरलेला वेळ चित्रकार राफाएल आणि इटलीच्या राजांच्या समाध्यांपाशी गेला. 609 मध्ये पोप चौथ्या बोनिफेसने या मंदिराचे चर्च केले, म्हणूनच ते मोडतोडीतून बरेचसे वाचले, एवढे एक वाक्य गाइडने चांगले सांगितले. तरीही 663 मध्ये सम्राट दुसऱ्या कॉन्स्टन्सने छताचे ब्राँझ उतरवून नेले, आणि सतराव्या शतकात पोप आठव्या अर्बनने द्वारमंडपातील ब्राँझही काढून नेले.

जुलै 2023 पासून पर्यटकांना येथे प्रवेशशुल्क आहे. मी गेलो तेव्हा ते पाच युरो होते आणि फेरीचे पैसे त्याहून कितीतरी जास्त. वास्तू आजही चर्च असल्याने प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना प्रवेश मिळत नाही, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी. माझा सल्ला असा की साधे तिकीट काढावे, थोडे वाचून जावे, दुपारी ऊन असताना किमान तासभर आत थांबावे, आणि पावसाची चिन्हे दिसली तरी भेट पुढे ढकलू नये.