हिरवा पडदा ते एक्सेल: मेनफ्रेमच्या थेट जोडणीचे नऊ महिने

बेळगावात टिळकवाडीत बसून आमची टीम अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटल समूहाच्या क्लेमचं, म्हणजे विम्याच्या दाव्यांचं, काम बघते. बिलं, विमा, पेमेंट, सगळा डेटा तिकडच्या मेनफ्रेमवर (मोठा मध्यवर्ती संगणक), डीबी२ या डेटाबेसमध्ये. दिवाळीपर्यंत आमच्या हातात फक्त ३२७० एम्युलेटर होता, म्हणजे मेनफ्रेमचा जुना पडदा पीसीवर दाखवणारा प्रोग्राम: काळा पडदा, हिरवी अक्षरं, २४ ओळी, ८० रकाने. एक क्लेम बघायचा तर यापेक्षा झटपट काही नाही. पण नाकारलेले हजारभर क्लेम कारणवार लावायचे म्हटलं की पान पुढे सरकवा, कॉपी करा, पेस्ट करा, असा आख्खा दिवस जायचा. दिवाळीनंतर ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे पीसीवरचे प्रोग्राम डेटाबेसला जोडणारं सॉफ्टवेअर, मिळाला आणि गेटवेमार्फत (मधला सर्व्हर) एक्सेल, अ‍ॅक्सेसमधून थेट क्वेरी, म्हणजे डेटाची मागणी, टाकता येऊ लागली.

जोडणी एका दुपारी झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मेनफ्रेम अक्षरं एबसिडिक या संकेतात ठेवतो, आपला पीसी वेगळ्या संकेतात. हा फरक ड्रायव्हर आपोआप मिटवतो. अपवाद एकच, ज्या रकान्यावर ‘बिट डेटा’ (मजकूर नव्हे, कच्चा डेटा) असा शिक्का असतो तो जसाच्या तसा येतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खानापूरच्या पोरीनं हाक मारली, “अण्णा, हे काय यायलंय बघा की!” स्टेटसच्या रकान्यात सगळीकडे ‘डी७ सी१ सी९ सी४’. कोड टेबल काढून एकेक अक्षर लावलं: पी, ए, आय, डी. म्हणजे ‘पेड’. पैसे आलेले क्लेम ती बिचारी थकीत धरून बसली होती.

खरा वेळ गेला तो डेटा समजून घेण्यात. जुन्या डीबी२ मध्ये रकान्याचं नाव १८ अक्षरांत बसवावं लागे, त्यामुळे नावं अशी आखूड की अर्थ लागत नाही. जिथं तारीख माहीत नाही तिथं कुणीतरी पूर्वी ०००१-०१-०१ भरून ठेवलेलं. एक्सेलची तारीख १९०० पासून सुरू होते, त्यामुळे तो रकाना तारखेसारखा सॉर्टच होईना. ठरावीक लांबीच्या रकान्यात मजकुरापुढे रिकाम्या जागा येतात, एक्सेलचं शोधून जुळवणारं सूत्र व्हीलूकअप जुळत नाही, आधी ट्रिम करून त्या जागा काढाव्या लागतात.

सगळ्यात महाग चूक माझीच. सदस्य क्रमांक १७ अंकी. मी तो रकाना टेक्स्ट न करता आकडा म्हणून ओढला. एक्सेल १५ अंकच नेमके सांभाळतो, शेवटचे दोन शून्य करून टाकतो. वेगवेगळ्या माणसांचे क्रमांक एकसारखे झाले आणि अहवालात एकाचे क्लेम दुसऱ्याच्या नावावर गेले. पाठवण्याआधी जुळवणी करताना सापडलं म्हणून वाचलो. तिकडं क्लेम चुकीचा अडला की बिल पेशंटच्या घरी जातं. आजारपणात हॉस्पिटलच्या काउंटरवर कागद घेऊन उभं राहणं काय असतं ते घरात सगळ्यांनी बघितलंय. ती रात्र मला झोप आली नाही. तेव्हापासून क्रमांक म्हटला की टेक्स्ट.

दुसरी गोष्ट लॉकची, म्हणजे कुणी वापरत असताना डेटाबेस ओळींना लावतो त्या कुलुपाची. आपण एक्सेलमध्ये क्वेरी अर्धवट उघडी ठेवून चहाला गेलो तरी तिकडं कर्सर (चालू वाचनाची खूण) उघडा राहू शकतो, आणि त्याच टेबलवर लिहिणारा कुणीतरी अडकतो. आम्हाला उणे ९११ हा एरर कोड दोन-तीनदा आला, म्हणजे लॉकसाठी थांबून थांबून काम मागे घेतलं गेलं. आता साध्या अहवालाला शेवटी ‘विथ यूआर’ लावतो, म्हणजे लॉक न घेता वाचन. पैशाची अंतिम जुळवणी असेल तर मात्र लावत नाही, कारण कमिट न झालेली, म्हणजे अजून पक्की न झालेली, ओळही त्यात येऊ शकते. अ‍ॅक्सेसमध्ये लिंक केलेली दोन टेबलं जोडाल तर कधी कधी तो सगळ्या ओळी इकडे ओढून मग जोडतो. पास-थ्रू क्वेरीच लिहा, ती तिकडच्या डेटाबेसमध्येच चालते. मेनफ्रेमच्या सॉफ्टवेअरचं बिल बरेचदा चार तासांच्या सरासरी वापराच्या उच्चांकावर ठरतं. आपली एक ढिसाळ क्वेरी तिकडच्या खर्चात दिसते, आणि मग फोन येतो.

वेळेचं गणित इथल्यांनी नीट लक्षात ठेवावं. त्यांची रात्रीची बॅच, म्हणजे एकगठ्ठा आपोआप चालणारी कामं, ११ ते ५ चालते. हिवाळ्यात आपण त्यांच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा साडेदहा तास पुढे, म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ ते दुपारचे साडेतीन. मार्चमध्ये त्यांनी घड्याळ पुढं केलं की हेच साडेआठ ते अडीच. या वेळात उणे ९०४ हा एरर कोड आला तर ड्रायव्हर पुन्हा टाकत बसू नका. टेबल बॅचच्या ताब्यात आहे. आम्ही मोठे अहवाल चारनंतर लावतो.

पेशंटची नावं आम्हाला दिसत नाहीत, आम्हाला दिलेल्या व्ह्यूमधूनच (टेबलाचा निवडक भाग) वगळलेली आहेत. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा या आरोग्य-माहितीच्या कायद्याखालचे नियम कामापुरतीच माहिती द्या म्हणतात. सुरुवातीला अडचण वाटली, आता हेच बरोबर वाटतं.

ही जोडणी घ्यावी का? शेकड्यांनी क्लेम बघणाऱ्यानं नक्की घ्यावी. माझं दिवसभराचं काम आता तासाभरात होतं. पण एम्युलेटर काढून टाकू नका. एखादी ओळ खटकली की मी आजही हिरव्या पडद्यावर तोच क्लेम उघडून बघतो, आणि टेबलाचा अर्थ तिकडच्या जुन्या कोबोलवाल्या (मेनफ्रेमची जुनी प्रोग्रामिंग भाषा) बाईंना विचारतो. त्यांनी सांगितलेले रकान्यांचे अर्थ मी एका वहीत उतरवतोय, १४० झालेत.