फिडोनेट तीन यंत्रांवर: आठ महिन्यांनंतर

आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई करतो. लोणावळा सुटलं की घाटात बोगद्यागणिक रेंज जाते, डब्यातले सगळे मान वर करून खिडकीबाहेर बघायला लागतात, आणि माझं वाचन मात्र चालूच असतं. कारण फिडोनेटची पत्रं मी घरून निघतानाच उतरवून घेतलेली असतात.

हो, फिडोनेट अजून जिवंत आहे. टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये सुरू केलेलं, हौशी बुलेटिन बोर्डांनी (घरच्या संगणकावर चालवलेले सूचनाफलक) रात्री एकमेकांना फोन लावून पत्रं पोचवायचं, तेच. आता मोडेमऐवजी इंटरनेट आलंय, गर्दी ओसरलीय, पण इको, म्हणजे विषयवार चर्चा, चालू आहेत. मी मुख्यतः स्वयंपाकाचा आणि जुन्या संगणकांचा वाचतो.

माझी मांडणी अशी: घरी कपाटावर एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), एक लॅपटॉप, आणि फोनवर टर्मक्स (लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणारं अ‍ॅप). तिन्हीकडे वाचायला मल्टीमेल हा प्रोग्रॅम. बोर्डावरून क्यूडब्ल्यूके पॅकेट, म्हणजे नव्या पत्रांचा एका फाइलीतला गठ्ठा, घ्यायचं, निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची, त्यांचं आरईपी पॅकेट परत चढवायचं. ही पद्धत १९८७ ची, फोनचं बिल वाचवायला काढलेली. शंभर-दीडशे पत्रांचं पॅकेट एखाद्या ‘शुभ सकाळ’च्या फोटोएवढंही भरत नाही. मल्टीमेल दिसायला अगदी जुनाट, पण आठ महिन्यांत एकदाही अडकलं नाही.

डोकं फिरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. कुठपर्यंत वाचलं याची खूण बोर्ड स्वतःकडे ठेवतो, आणि पॅकेट दिलं की ती पुढे सरकवतो. म्हणजे सकाळी फोनवर पॅकेट घेतलं की रात्री लॅपटॉपला उत्तर मिळतं, नवीन काही नाही. पहिला महिना मला वाटायचं, आज कुणी लिहिलंच नाही!

मग सिंकथिंगने (यंत्रायंत्रांतल्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम) फोल्डर जोडला. वाटलं, जिंकलो. पण आरईपी फाइलीचं नाव बोर्डाच्या नावावरून ठरतं, त्यामुळे फोन आणि लॅपटॉप दोघेही एकाच नावाची फाइल बनवतात. अमेरिकेतल्या एका आजोबांनी आमसुलाऐवजी काय चालेल विचारलं होतं. त्यांना मी घाटात बसून चांगलं पंधरा ओळींचं उत्तर लिहिलं, सोलकढीच्या प्रमाणासकट. ते ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं शेपूट लागलेल्या फाइलीत पडून राहिलं आणि बोर्डावर गेलं लॅपटॉपवरचं ‘धन्यवाद’. तीन आठवड्यांनी सापडलं. आजोबांनी तोवर चिंच घालून मोकळे झाल्याचं कळवलं होतं.

आता नियम केलाय: पॅकेट आणणं आणि चढवणं फक्त पायने करायचं. उत्तरं फक्त फोनवर लिहायची. लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात दुरून शिरायची सोय) पायवर जाऊन नुसतं वाचायचं. तेव्हापासून एकही पत्र हरवलेलं नाही. काही बोर्ड एनएनटीपीनेही (पॅकेटशिवाय थेट पत्रं वाचायची पद्धत) वाचू देतात, पण तिथे प्रत्येक यंत्र आपापली खूण ठेवतं, म्हणजे तेच पत्र तीनदा ‘न वाचलेलं’. स्वतःचा पॉइंट (फिडोनेटवरचा खाजगी पत्ता) घेऊन पत्रं आणणारा बिंकडी, ती इकोवार लावणारा टॉसर आणि वाचायला गोल्डेड बसवायचाही प्रयत्न केला. दोन रविवार गेले. चालतं झकास, पण नवख्याने आधी पॅकेटवरच राहावं.

मराठीचं काय, हे विचारणारच तुम्ही. माझ्याकडच्या मल्टीमेलमध्ये देवनागरी म्हणजे ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या एनची रांग. विषयाला पॅकेटमध्ये २५ बाइट, म्हणजे देवनागरीत (एका खुणेला तीन बाइट) जेमतेम आठ खुणा, त्यात काना-मात्राही मोजायच्या. हे अपेक्षित होतं. खरी गंमत टेस्ट इकोत झाली. एका बोर्डाच्या वेब पानावरून ‘नमस्कार’ टाकला आणि दुसऱ्या बोर्डावर उघडून पाहिला, तर ‘स’ आणि ‘क’ सुटे आणि मध्ये एक चौकोन. पार ध चा मा. न आणि र जागच्या जागी, मग स्कानेच काय घोडं मारलं?

शोधत गेलो तर फिडोनेटच्या मूळ नियमांत सापडलं. हेक्स ८डी (सोळा-आधारी आकडा) हा बाइट तिथे ‘मऊ’ ओळतोड मानला जातो आणि जुने प्रोग्रॅम तो सरळ गाळतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची आजची पद्धत) आपल्या हलन्ताचे बाइट आहेत ई०, ए५, ८डी. म्हणजे वाटेत एखादा जुना प्रोग्रॅम लागला की पाय मोडण्याचं चिन्हच मोडतं!

हे मी इकोत मांडलं तर एका रशियन गृहस्थांनी कळवलं, आमच्या सीपी८६६ या जुन्या रशियन अक्षरसंचात मोठा ‘न’ नेमका ८डीवर बसतो. म्हणून फिडोत ते लोक त्या जागी दिसायला तसाच असणारा इंग्रजी एच टाइप करायचे.

आपल्याकडे असा जोडीदार नाही. म्हणून मी एकही जोडाक्षर नसलेलं वाक्य जुळवलं: ‘काल घरी कढीभात खाऊन आलो.’ त्याच बोर्डावरून टाकलं, त्याच दुसऱ्या बोर्डावर उघडलं. काना-मात्रेसकट जसंच्या तसं आलं होतं.