वस्तीतले साधे, परवडणारे रेस्टॉरंट शोधताना: ॲप, मार्गदर्शिका, विचारपूस आणि पायपीट

मोठ्या शहरात पोट भरण्याची सोय कुठेही होते. अवघड असते ते शहरातली माणसे आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, कोणतेही निमित्त नसताना, निवांतपणे आणि खिशाला न जाणवता जिथे जेवतात ती जागा शोधणे. अशा जागेचा सगळा व्यवहार परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर उभा असतो. प्रसिद्ध वास्तूसमोरच्या किंवा मुख्य स्थानकाशेजारच्या रेस्टॉरंटला रोज नवे लोक आपोआप मिळत राहतात, त्यामुळे आज नाराज होऊन गेलेला माणूस उद्या आला नाही तरी गल्ल्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय मोक्याच्या जागेचे भाडे शेवटी बिलातूनच वसूल होते. आतल्या गल्लीत भाडे सहसा कमी असते आणि आसपासची तीच ती कुटुंबे फिरून फिरून येत असल्यामुळे चव, दर किंवा वागणूक यांपैकी काहीही घसरले तर ते मालकाला लवकर भोवते. म्हणून शोधण्याची कोणतीही पद्धत निवडताना तिला परत येणारे गिऱ्हाईक कितपत दिसते, हे आधी तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

या कसोटीवर ॲपवरचे तारे सर्वांत कच्चे ठरतात, जरी ते सर्वांत हाताशी असले तरी. ट्रिपॲडव्हायझर २००० साली आणि येल्प २००४ साली सुरू झाले, त्यानंतर गूगल मॅप्सवरही अभिप्राय लिहिता येऊ लागले आणि आज बहुतेक माणसे याच मार्गाने शोध घेतात. परंतु जो माणूस दर गुरुवारी एकाच टेबलावर जेवतो, तो त्या जागेविषयी सहसा लिहीत बसत नाही. लिहितात ते बहुधा एकदाच आलेले, आणि त्यातही फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. त्यांच्या मतांची सरासरी काढली की नेहमीच्या गिऱ्हाइकाचे मत तिच्यात जवळजवळ उरतच नाही.

त्यात ताऱ्यांना पैशाचे मोल आले आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ साली मांडलेल्या अभ्यासात येल्पवर एक तारा वाढल्यास रेस्टॉरंटचे उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे दिसले, आणि हा परिणाम साखळी रेस्टॉरंटांवर नव्हे तर स्वतंत्रपणे चालणाऱ्या रेस्टॉरंटांवर होता. जिथे एवढा लाभ असतो तिथे खोटेपणाही शिरतो. २०१७ साली लंडनमध्ये एका पत्रकाराने स्वतःच्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवले आणि ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊन, एकही ताट न वाढता, ते शहरातील पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम केला. पण जेवायला निघालेल्या माणसाला पडद्यावरचा कोणता अभिप्राय खरा आणि कोणता विकतचा, हे अजूनही स्वतःलाच ओळखावे लागते.

मोजपट्टी सगळीकडे सारखी नसते, हीसुद्धा लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. जपानमधील ताबेलॉग या संकेतस्थळावर गुण देताना हात आखडता असतो आणि ५ पैकी ३.५ गुण मिळवणारी जागा तिथे उत्तम मानली जाते. ज्याच्या डोळ्यांना ४.५ ची सवय झाली आहे तो टोकियोतल्या ३.३ गुणांच्या चांगल्या रेस्टॉरंटवरून न थांबता पुढे जाईल.

तरीही ॲप टाकून देऊ नये. ते चाळणीसारखे वापरावे. नकाशा प्रेक्षणीय स्थळांपासून दूर, शाळा, दवाखाने आणि राहत्या इमारती असलेल्या भागावर सरकवावा आणि शोधशब्द स्थानिक भाषेत टाकावा, कारण असे केल्याने निकाल बऱ्याचदा बदलतात. अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून तीन तारे देणाऱ्यांचे आधी वाचावेत. मधले मत देणारा माणूस सहसा काय आवडले आणि काय नाही ते वेगवेगळे सांगतो. ‘अनेक वर्षांपासून येतो’, ‘घराजवळ आहे म्हणून’, ‘पूर्वीपेक्षा दर वाढले’ अशी वाक्ये पाच ताऱ्यांच्या कौतुकापेक्षा अधिक मोलाची असतात, कारण ती परत येणाऱ्याचीच असू शकतात.

मार्गदर्शिकांचे बळ वेगळे आहे. तिथे जबाबदारीने जेवून पाहणारा आणि तुलना करू शकणारा माणूस असतो. टायर बनवणाऱ्या मिशलॅन कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत १९२६ पासून तारे दिले जाऊ लागले, पण आपल्या कामाचे आहे ते १९९७ पासूनचे ‘बिब गुरमाँ’ हे चिन्ह, जे माफक दरात चांगले जेवण देणाऱ्या जागांना मिळते. तिचे निरीक्षक ओळख न देता जेवतात आणि बिल स्वतः भरतात, ही फार मोठी जमेची बाजू आहे. मात्र ‘माफक’ दराची मर्यादा देशागणिक बदलते, कित्येक शहरे या मार्गदर्शिकेत नाहीतच, आणि एकदा नाव छापून आले की आरक्षणाशिवाय जागा मिळेनाशी होते. म्हणजे परवडणारे जेवण मिळते, निवांतपणा मात्र जातो.

याहून मला जुन्या झॅगट सर्वेक्षणाची रीत अधिक पटते. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली एका दांपत्याने आपल्या ओळखीच्या, शहरात नेहमी बाहेर जेवणाऱ्या माणसांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यातून ही मार्गदर्शिका उभी राहिली. तिच्यात जेवण, सजावट आणि सेवा यांना ३० पैकी स्वतंत्र गुण असत आणि खर्चाचा अंदाज वेगळा दिलेला असे. वस्तीतले चांगले रेस्टॉरंट अशा कोष्टकात चटकन सापडते: जेवणाचा आकडा मोठा, सजावटीचा लहान, खर्च कमी. एकाच सरासरीत हे सगळे कालवले की ती ओळख पुसली जाते. ॲपवरचे अभिप्राय वाचतानाही भिंतींचा रंग, खुर्च्या आणि संगीत यांविषयीच्या तक्रारी बाजूला काढून केवळ जेवण आणि दर यांविषयीचे वाचावे, म्हणजे तीच रीत थोडीफार साधता येते.

जागतिक मार्गदर्शिका आणि शहरातल्या वृत्तपत्राचा समीक्षक यांत निवड करायची झाल्यास मी समीक्षकाकडे जाईन. लॉस एंजलिसचे जोनाथन गोल्ड यांना २००७ साली समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि ते मिळवणारे ते पहिले रेस्टॉरंट-समीक्षक होते. स्थलांतरित कुटुंबांनी चालवलेल्या छोट्या, दुर्लक्षित जागांवर त्यांनी जे मनःपूर्वक लेखन केले, ते त्या शहरात राहणाऱ्या आणि त्याच रस्त्यांवर वर्षानुवर्षे जेवणाऱ्या माणसालाच शक्य होते.

माणसांना विचारणे ही परत येणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची सर्वांत सरळ वाट आहे, पण ती प्रश्नावर अवलंबून असते. ‘इथे चांगले जेवण कुठे मिळते?’ असे विचारले की समोरचा माणूस पाहुण्याला शोभेल असे नाव सांगतो, आणि ते बहुधा महागडे किंवा प्रसिद्ध असते. त्याऐवजी ‘तुम्ही स्वतः गेल्या आठवड्यात बाहेर कुठे जेवलात?’ किंवा ‘घरी स्वयंपाक करायचा कंटाळा आला की कुठे जाता?’ असे विचारावे. उत्तर देणारा क्षणभर थांबतो, आठवतो आणि मग खरे नाव सांगतो. कोणाला विचारायचे हेही महत्त्वाचे आहे. निवासाच्या ठिकाणच्या स्वागतकक्षातले कर्मचारी सौजन्याने बोलतात, परंतु तक्रार येऊ नये म्हणून ते सुरक्षित नावेच सुचवतात. औषधांच्या दुकानातला विक्रेता, केस कापणारा कारागीर, वाचनालयातला कर्मचारी यांची उत्तरे मला अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण त्यांना त्याच भागात, मोजक्या पैशांत, रोज दुपारी जेवायचे असते.

पायपिटीला वेळ लागतो, पण तिच्यात गिऱ्हाईक डोळ्यांना दिसते. मंगळवारी किंवा बुधवारी, स्थानिक माणसांच्या जेवणाच्या वेळी, रस्त्याच्या पलीकडे पाच-दहा मिनिटे उभे राहावे. एकटा आलेला माणूस दारातून शिरून, न विचारता, कोपऱ्यातल्या ठरलेल्या टेबलाकडे जातो का? वाढणारा मेनूकार्ड न देताच त्याच्याशी दोन शब्द बोलून आत सांगायला जातो का? फळ्यावर हाताने लिहिलेल्या यादीतला एखादा पदार्थ संपला म्हणून पुसला जातो का? अशी छोटी, पुसली जाणारी यादी बहुधा रोजच्या खरेदीवर चालणारे स्वयंपाकघर दाखवते. याउलट दारात उभे राहून हाका मारणारा माणूस आणि पाच-सहा भाषांतले छायाचित्रांसह मेनूकार्ड दिसले की ती जागा एकदाच येणाऱ्यांसाठी आहे असे समजायला हरकत नाही. केवळ रांग पाहून मात्र भुलू नये; रांगेत सामान घेऊन उभे असलेले प्रवासी आहेत की कामावरून परतणारी माणसे, हे पाहावे.

मुक्काम एका रात्रीचा असेल आणि भूक लागलेली असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे चाळलेले ॲप पुरेसे आहे. त्या वेळी पायपीट करण्यात अर्थ नाही. तीन-चार दिवस हाताशी असल्यास पहिल्याच सकाळी दोघा-तिघांना विचारावे, दोनदा आलेले नाव पकडावे आणि ते ॲपवर फक्त वेळ, सुट्टीचा वार आणि अंदाजे बिल यांसाठी तपासावे. शहरात राहायलाच आलेल्या माणसाने चालावे आणि आवडलेल्या जागी दुसऱ्यांदा जावे, कारण पहिल्या जेवणावरून चव कळली तरी सातत्य कळत नाही. ज्यांना ॲलर्जी आहे किंवा ठरावीक पदार्थ वर्ज्य आहेत, त्यांनी मात्र हा क्रम उलटा करावा: आधी ॲपवरची मेनूकार्डाची ताजी छायाचित्रे पाहावीत, मग फोन करून स्वयंपाकात काय वापरतात ते विचारावे आणि त्यानंतरच कोणी सुचवलेल्या किंवा वाटेत दिसलेल्या दारातून आत जावे.