चाळीस रुपयांचं पॉलिश

दारावर पॉलिश करायला आलेल्या दोघांशी आईने घासाघीस केली होती, ते आधी सांगते. त्यांनी पन्नास मागितले, तिने चाळीस टेकवले. वाचवलेल्या त्या दहा रुपयांचं कौतुक ती पुढे आठवडाभर शेजारणींना सांगत होती. गेलं किती ते नंतर सराफाच्या काट्यावर कळलं. साडेपाच ग्रॅम सोनं.

गोष्ट अमळनेरची, आमच्या माहेरच्या गल्लीतली. 2025 ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, 30 एप्रिलला होती. आखाजीला लेकी माहेरी येतात, खान्देशात दिवाळीपेक्षा या सणाची ओढ जास्त. मी पुण्याहून येणार म्हणून आईची आठ दिवस आधीपासून तयारी चाललेली. बिबड्या घालून झालेल्या, मांड्यांसाठी गहू निवडून ठेवलेले. गल्लीतल्या बायका पहाटे चारला उठून गच्चीवर वाळवणं घालतात, त्यामुळे दुपारी दोनला सगळी गल्ली मेल्यासारखी झोपलेली असते. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा ओट्याखालून हलत नाही. ते दोघे आले ते नेमके याच वेळी.

पंचविशीतली पोरं. अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, गळ्यात पट्टा आणि त्याला कार्ड, पाठीवर चौकोनी बॅग. तांब्या-पितळेची भांडी चकचकीत करणाऱ्या पावडरीची जाहिरात करतोय, म्हणाले, घ्यायची नसेल तर घेऊ नका, नुसतं बघा. आईने देवघरातली समई आणून दिली. दोन मिनिटांत समई नवी दिसायला लागली. मग गडवा. मग माझे लहानपणीचे पैंजण, चांदीचे, पार काळे पडलेले. तेही लख्ख झाले. इथपर्यंत सगळं खरं होतं, आणि हे मुद्दाम लिहिते, कारण फसवणारा पहिली तीन कामं चोख करतो. चौथ्या कामापर्यंत आपण त्याचं गिऱ्हाईक झालेलो असतो.

"मावशी, बांगड्या किती काळवंडल्यात. लेक येणार आहे ना?" लेक येणार हे आईनेच बोलता बोलता सांगितलेलं. तिने साबण लावून चार बांगड्या काढल्या. त्याने त्या एका काचेच्या भांड्यात ठेवल्या आणि बाटलीतलं पिवळसर पाणी वर ओतलं. आईच्या नाकात झणझणलं, खोकला आला. तेवढ्यात दुसरा म्हणाला, मावशी, घसा सुकला, पाणी मिळेल का?

आमच्याकडे एप्रिलमध्ये दारी आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत. आई आत गेली, माठातून तांब्या भरला, वर गुळाचा खडा घेतला आणि बाहेर आली. "बठ भो, पाणी पी," म्हणाली. त्याने पाणी प्यायलं आणि वाटीभर हळद मागितली. आई पुन्हा आत. दोन खेपांत किती वेळ गेला, ते तिला सांगता येत नाही. गुडघे दुखतात, हळूच चालते. दहा मिनिटं धरा.

मग बांगड्या हळदीच्या पाण्यात घालून स्टीलच्या डब्यात बंद केल्या. अर्धा तास उघडायचं नाही, नाहीतर रंग उडतो. चाळीस रुपये घेतले, पायाही पडले, आणि मोटारसायकलवर बसून गेले.

अर्ध्या तासाने आईने डबा उघडला. चारही बांगड्या आत होत्या. आपल्याला काही झालेलंच नाही असं तिला वाटलं, ते यामुळेच. चोर नेतो, तर डबा रिकामा असतो ना?

मी 28 तारखेला पोचले. ओट्यावरची तुळस करपलेली दिसली. ऊन फार आहे, आई म्हणाली. तिने हळदीचं पाणी तुळशीत ओतलं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. बांगड्या मात्र मला लगेच खटकल्या. पिवळ्या दिसत होत्या, पण झळाळी नव्हती. कपडे धुऊन वाळलेल्या हाताची कातडी जशी दिसते तशा, कोरड्या. बोट फिरवलं तर नक्षीचे कंगोरे लागेनात. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. तिला त्या नव्या दिसत होत्या. सणात विषय नको म्हणून मी गप्प बसले. ही माझी चूक.

आखाजी झाल्यावर जळगावला गेले. ज्या पेढीत या बांगड्या घडवल्या, तिथेच. आईने जुनी पावती जपून ठेवलेली, पिशवीत पिशवी, तिच्या आत पावती: चार नग, 40 ग्रॅम 200 मिली. काट्यावर आलं 34 ग्रॅम 650. सराफ काही बोलले नाहीत, काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवल्या. तोच आकडा. मग त्यांनी कारागिराला हाक मारली. त्याने भिंग लावलं आणि बांगडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. पेढीचा शिक्का पुसट होऊन नुसता डाग उरला होता. "ताई, वापरून झीज होते, पण ती बाहेरून होते. आतला शिक्का कसा झिजेल? ह्या तेजाबात बुडवल्यात."

तेजाब म्हणजे आम्ल. शाळेत आम्ही आम्लराज शिकलो होतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग, तीव्र नायट्रिक आम्ल एक भाग. एकेकट्या आम्लाला सोनं दाद देत नाही, दोन्ही एकत्र आली की विरघळतं. परीक्षेत एक मार्काला यायचं. सोनं त्या पाण्यात उतरतं, पाणी बाटलीत परत भरून नेलं की नंतर त्यातून सोनं वेगळं काढता येतं. बांगड्या हातात परत मिळतात, म्हणून कोणी ओरडत नाही. हळद कशाला, तेही कारागिराने सांगितलं. तेजाबातून निघालेलं सोनं निस्तेज दिसतं, ते हळदीखाली झाकलं जातं, आणि तेवढ्या अर्ध्या तासात पारोळ्याच्या पुढे जाता येतं. त्या दिवसाच्या भावाने नुकसान पन्नास हजारांच्या आसपास. तोळा लाखाच्या घरात गेलेला असताना असल्या धंद्याला बरकत का येणार नाही?

आता आईला सगळे विचारतात, एवढ्या शहाण्या बाईने दारातल्या माणसाला बांगड्या काढून दिल्याच कशा? मीही विचारलं होतं, आवाज चढवून. नंतर पुण्याला परतताना गाडीत डोकं शांत झालं तेव्हा उत्तर सापडलं. आईचा सगळा संसारच दारातल्या माणसांच्या भरवशावर झाला होता.

आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा कल्हईवाले चाचा यायचे, आखाजीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. बऱ्हाणपूरकडचे. कडुनिंबाखाली वीतभर खड्डा खणून त्यात कोळसे पेटवायचे, जमिनीत पुरलेल्या नळीला चामड्याचा भाता जोडायचा. पातेलं तापलं की नवसागराची पूड टाकायचे. भस्सकन पांढरा धूर उठायचा, आम्ही पोरं नाक दाबून मागे पळायचो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. ती वितळते न वितळते तोच कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवायचं, आणि काळं-पिवळं पातेलं आतून आरशासारखं पांढरं व्हायचं. पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. पितळेच्या भांड्यात ताक, आमटी कळकते, म्हणून ही कल्हई. तेव्हा घरात स्टील बेताचंच होतं.

आई अकरा भांडी द्यायची आणि भिंतीवर कोळशाने अकरा रेघा ओढायची. परत घेताना प्रत्येक भांडं आतून बोटाने घासून बघायची. बोटाला काळं लागलं तर कथलात शिसं मिसळलंय, परत कर. चाचा हसायचे आणि पुन्हा भाता ओढायचे. एका वर्षी दोन पातेली परत केलेली मला आठवतात.

तेव्हा सगळे देवमाणसंच होते, असलं काही मला म्हणायचं नाही. दूधवाला पाणी घालायचाच. उन्हाळ्यात जास्त. रतीबाच्या हिशोबात खाड्याचे दिवस तो विसरायचा आणि आईने कॅलेंडरवर केलेल्या फुल्या दाखवल्या की त्याला आठवायचे. रद्दीवाल्याच्या तराजूत पाच किलोची रद्दी चार भरायची, बोहारीण जरीच्या साडीवर एक वाटी देऊन पळू बघायची. पाट्याला टाकी लावणारी मात्र कधी फसवताना पाहिली नाही, पण तिला फसवायला होतंच काय? लबाडी सगळीकडे होती, फक्त ती पाण्याएवढी, पावशेराएवढी होती. चाचांना पुढच्या दिवाळीला त्याच कडुनिंबाखाली बसायचं होतं. दूधवाल्याला तर उद्या सकाळीच तोंड दाखवायचं होतं. आईचा विश्वास माणसावर नव्हता, त्याच्या पुढच्या खेपेवर होता. आणि काम सगळं भर गल्लीत, दहा बायकांच्या देखत.

ती माणसं एकेक करून गेली. कल्हई गेली, कारण पितळ माळ्यावर गेलं. मग दारात कोण येऊ लागलं? पार्सलवाले. आणि त्यांना दार उघडायला आईला मी शिकवलं. पुण्यात बसून मी तिला गुडघ्याचे पट्टे, औषधं, मिक्सरचं भांडं मागवून देते. फोनवर सांगते, आई, मुलगा येईल, गळ्यात कार्ड असेल, दार उघड, नंबर विचारेल तो सांग, सही मागेल ती कर. दर वेळी नवा चेहरा. कोण, कुठला, पुन्हा येणार की नाही, काही कळत नाही, आणि विचारायचंही नसतं, त्याला पुढची तीस पार्सलं असतात. पहिल्यांदा ती कुरकुरली होती. "वळख ना पाळख, दार कसं उघडू?" मीच हसले होते. तीन-चार वर्षं असा सराव झाल्यावर निळा टी-शर्ट, पट्टा आणि चौकोनी बॅग घातलेलं कोणीही तिला आपलंच वाटायला लागलं, तर दोष कोणाचा?

आता उपयोगाचं सांगते. दारावर सोनं, चांदी, काहीही पॉलिश करून घेऊ नका, पावडर फुकट असली तरी. बांगड्या धुवायच्याच असतील तर कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने घरी धुवा, नाहीतर पेढीत न्या आणि आधी-नंतर दोन्ही वजनं डोळ्यांसमोर करून घ्या. पावत्या जपा. नव्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, पण आपल्या आयांच्या अंगावरच्या जुन्या दागिन्यांवर पेढीचा शिक्का असला तर असतो, त्यामुळे पावतीवरचं वजन हाच पुरावा. आईची पावती नसती तर आम्हाला झीज म्हणूनच गप्प बसावं लागलं असतं. अनोळखी माणसाने पाणी मागितलं तर जरूर द्या, पण आधी हातातली वस्तू घेऊन आत जा. जाळीचं दार असेल तर ते बंद ठेवून बोला. आणि वास झणझणीत आला की समजा, ते औषध नाही. त्यात बोट घालू नका.

फसलोच असं वाटलं तर डबा, वाटी धुऊ नका, हळदीचं पाणी ओतून देऊ नका. आमचा निम्मा पुरावा तुळशीत गेला. 112 ला लगेच फोन करा. आम्ही गेलो दोन आठवड्यांनी. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात आठ दिवसांचंच चित्रण राहतं, ते पुसलं गेलं होतं. तरीही तक्रार केली, तुम्हीही करा. ज्याला आपण चारशे वीस म्हणतो ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. आमची तक्रार नोंदवून घेतल्यावर कळलं, आमच्या मागच्या गल्लीतली एक आजी अशीच फसली होती, दोन पाटल्या. सुनेला कळेल म्हणून तिने तोंडच उघडलं नव्हतं. ती बोलली असती तर त्या आठवड्यात आईच्या कानावर आलं असतं.

तक्रार लिहून घेणारे हवालदार आमच्या बाजूचेच, बोलायला मवाळ. त्यांनी आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. नंबर, गाडी, उंची, बोलणं, एकेक विचारत गेले. कुठले म्हणाले ते?

"बऱ्हाणपूरकडचे," आई म्हणाली.

"असं ते स्वतःहून म्हणाले?"

आई जरा वेळ पदराच्या टोकाशी खेळत बसली.

"नाही. मीच ईचारं. तू बऱ्हाणपूरकडना शे का रे? तो हा म्हणे."