फ्लुओ-४ एएम डाय: दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

लॅबमध्ये कॅल्शियम इमेजिंग, म्हणजे जिवंत पेशीतलं कॅल्शियम चमकणाऱ्या डायने मायक्रोस्कोपखाली बघणं, करायचं ठरलं की पहिलं नाव निघतं ते फ्लुओ-४ एएमचं, आणि नवीन कोणी जॉइन झालं की हमखास विचारतं की हाच घेऊ की दुसरं काही चांगलं आहे, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. मी दोन वर्षं हा डाय वापरतेय, जास्त करून हेला सेल्सवर (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सर पेशी) आणि थोडंफार टी सेल्सवर (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी). पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, ते वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, की हा डाय आपण नक्की काय बघायला घेतोय. शांत असलेल्या पेशीच्या सायटोप्लाझममध्ये मोकळं कॅल्शियम असतं जेमतेम १०० नॅनोमोलर, आणि पेशीच्या बाहेर असतं १ ते २ मिलिमोलर. म्हणजे दहा हजार पट किंवा त्याहून जास्तच फरक, आणि मध्ये काय तर एक पातळसा पडदा. हा फरक टिकवायला पेशी सतत एटीपी, म्हणजे आपलं इंधन, खर्च करते, पंप चालू ठेवते, आलेलं कॅल्शियम बाहेर टाकते नाहीतर ईआर नावाच्या आतल्या कप्प्यात भरून ठेवते. एवढा खटाटोप अशासाठी की एखादं चॅनेल क्षणभर जरी उघडलं तरी आतली पातळी लगेच कितीतरी पटीने वर जावी आणि सगळ्यांना खबर लागावी. स्नायू आखडणं, हार्मोन बाहेर सोडणं, फलन झाल्यावर अंडपेशीचं जागं होणं, टी सेलने परका ओळखून जीन चालू करणं आणि वेळ आली की पेशीचं मरणंसुद्धा, सगळीकडे निरोप्या हाच एक आयन. मग पेशीला कळतं कसं की आत्ताचा निरोप कशाचा आहे? तर कॅल्शियम कुठे वाढलं, किती वेळ वाढलेलं राहिलं आणि किती वेळा वर-खाली झालं, यावरून. ही वेळेतली हालचाल फ्लुओ-४ कॅल्शियम पकडल्यावर उजळून दाखवतो, आणि फार सुंदर दाखवतो.

(रक्तातल्या कॅल्शियमच्या रिपोर्टचा इथे काही संबंध नाही बरं का. तो रिपोर्ट नॉर्मल असताना एखाद्या पेशीच्या आतला सिग्नल पार बिघडलेला असू शकतो. घरच्यांना माझं काम समजावताना मला दर वेळी हे सांगावं लागतं.)

डायचं तत्त्व रॉजर त्सिएन यांचं. १९८० मध्ये त्यांनी बाप्टा नावाचा रेणू बनवला, जो मॅग्नेशियमला फारसा भाव न देता कॅल्शियमला पटकन पकडतो, आणि पुढच्याच वर्षी एएम, म्हणजे ॲसिटॉक्सीमिथाइल एस्टरची, युक्ती काढली. असे रेणू अंगावर निगेटिव्ह चार्ज घेऊन असतात, त्यामुळे पडद्यातून आत जात नाहीत. म्हणून ते चार्ज एस्टरने झाकायचे, झाकलेला रेणू पडद्यातून सहज आत शिरतो, आत पेशीचेच एस्टरेज एन्झाइम ते झाकण कापून टाकतात आणि चार्ज उघडा पडला की रेणू आतच अडकतो. सुई टोचायला नको, पेशी फाडायला नको. १९८५ मध्ये फुरा-२ आला, १९८९ मध्ये फ्लुओ-३, आणि २००० साली त्यातल्या दोन क्लोरीनच्या जागी फ्लोरीन घालून फ्लुओ-४ बनला. बदल एवढासाच, पण त्यामुळे ४८८ नॅनोमीटरच्या साध्या लेझरवर हा फ्लुओ-३ पेक्षा बराच जास्त उजळतो, म्हणजे डायही कमी लागतो आणि सेल्सवर प्रकाशही कमी मारावा लागतो. त्सिएन यांना २००८ चं नोबेल मिळालं ते जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या कामासाठी, पण खरं सांगू का, माझं रोजचं काम त्यांच्या या एस्टरच्या युक्तीवरच उभं आहे.

आता प्रत्यक्ष वापर. डाय येतो ५० मायक्रोग्रॅमच्या छोट्या बाटल्यांत, आत तळाला जेमतेम दिसेल न दिसेल असा थर असतो, त्यामुळे उघडण्याआधी एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. त्यात ४५ मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ (डाय विरघळवणारं द्रव) घातलं की साधारण १ मिलिमोलर स्टॉक होतो. कोरडं म्हणजे खरंच कोरडं, महिनोनमहिने उघडझाप झालेल्या बाटलीतलं नको, कारण पाण्याने एस्टर तुटतो आणि मग डाय सेलच्या आत जातच नाही, बाहेरच चमकत बसतो. मी ३ मायक्रोमोलरने लोड करते, बरोबर थोडं प्लुरॉनिक एफ-१२७ (साबणासारखा पदार्थ), नाहीतर डायचे गोळे होतात आणि स्क्रीनवर ठिपकेच ठिपके दिसतात. लोडिंग सीरम नसलेल्या बफरमध्ये करायचं, कारण सीरममधले एस्टरेज डायला बाहेरच कापतात. मीडियममधला लाल रंग, फिनॉल रेड, पण नको, बॅकग्राउंड वाढतं. रूम टेंपरेचरला अर्धा तास, मग वॉश, मग अजून अर्धा तास नुसतं थांबायचं म्हणजे उरलेले एस्टर कापले जातात. हा शेवटचा अर्धा तास सगळे गाळतात आणि मग बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची पातळी, आपोआप वर सरकत राहते आणि सगळे म्हणतात डाय खराब आहे. डाय खराब नाही हो, घाई झालीय.

पहिल्यांदा नीट जमलं तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. हेला सेल्स, काळ्या स्क्रीनवर मंद हिरव्या, जवळजवळ न दिसणाऱ्या. पिपेटने हळूच हिस्टामीन सोडलं. काही सेकंद काहीच नाही, आणि मग डाव्या कोपऱ्यातली एक पेशी उजळली, मग तिच्या शेजारच्या दोन, आणि बघता बघता सगळं फील्ड पेटलं. तो पहिला झटका ओसरला आणि नंतरचं जे दिसलं ते मी तासभर बघत बसले होते: काही पेशी परत मंद झाल्या पण काही लुकलुकायला लागल्या, ठरावीक अंतराने उजळायचं, विझायचं, परत उजळायचं, आणि शेजारी शेजारी असूनही प्रत्येकीचा ठेका वेगळा. हिस्टामीन रिसेप्टरला बसतं, फॉस्फोलायपेज-सी हे एन्झाइम जागं होतं, आयपी-३ हा निरोप्या रेणू तयार होतो, तो ईआरवरचे दरवाजे उघडतो, कॅल्शियम बाहेर पडतं, मग ईआरवरचा सर्का पंप ते परत आत ओढतो, हे सगळं मी परीक्षेत पाठ लिहिलेलं होतं. डोळ्यासमोर होताना बघितल्यावर मात्र कळलं की ही नुसती बाणांची आकृती नाहीये, याला ताल आहे, आणि तीच डिश प्लेट रीडरमध्ये टाकून सगळ्या पेशींची सरासरी घेतली असती तर तो ताल पूर्ण पुसला गेला असता.

एकदा माझ्याकडून बफरमध्ये कॅल्शियम क्लोराइड घालायचं राहून गेलं. पहिला झटका आला अगदी नेहमीसारखा, पण नंतर ट्रेस, म्हणजे प्रकाशाचा आलेख, पटकन खाली आला, लुकलुकणं दोन-तीनदा होऊन थांबलं. आधी डायवर संशय घेतला, मग सेल्सवर, आणि संध्याकाळी वहीत बघितलं तेव्हा उलगडा झाला. पहिला झटका ईआरच्या साठ्यातला असतो, तो बाहेर कॅल्शियम नसलं तरी येणारच, पण पुढे चालू राहायला साठा भरावा लागतो आणि ते कॅल्शियम बाहेरूनच येतं. १८८३ मध्ये सिडनी रिंगर यांच्याकडे असंच काहीसं झालं होतं, नळाच्या पाण्यात बनवलेल्या सलाइनमध्ये बेडकाचं हृदय छान चालायचं आणि डिस्टिल्ड पाणी घेतल्यावर मंदावून बंद पडायचं, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. तेव्हापासून मी ही चूक मुद्दाम कंट्रोल म्हणून करते: एक डिश कॅल्शियमसकट, एक कॅल्शियमशिवाय. सिग्नल आतून येतोय की बाहेरून हे समजायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

टी सेल्समध्ये तर हा डाय बघण्यासारखा आहे. थॅप्सिगार्जिनने सर्का बंद करा, ईआर हळूहळू रिकामं होतं, मग बाहेर कॅल्शियम परत घाला आणि ट्रेस एकदम उभा वर जातो. साठा रिकामा झाल्याचं ईआरमधलं स्टिम-१ ओळखतं आणि पडद्यातलं ओराय-१ चॅनेल उघडतं. ज्या बाळांमध्ये ओराय-१ च बिघडलेलं असतं त्यांच्या टी सेल्समध्ये हा चढ येत नाही, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होत नाही, जीन चालू करणारं एनफॅट प्रथिन केंद्रकात जात नाही, आणि पेशी संख्येने असूनही लढत नाहीत, इन्फेक्शनवर इन्फेक्शन होत राहतं. २००६ मध्ये हा जीन सापडला. आणि याच साखळीतलं कॅल्सिन्युरिन आपण औषधाने मुद्दाम दाबतो, सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसने, बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून. एकच साखळी, एका बाळाला ती नाही म्हणून जिवावर बेततं आणि दुसऱ्या कुणाचा जीव ती दाबून वाचतो. मी पहिल्यांदा तो उभा चढ बघितला तेव्हा मला हेच आठवत होतं आणि अंगावर काटा आला होता.

हार्ट सेल्सवर आमच्या शेजारच्या ग्रुपने वापरला, त्यांचंही मत चांगलंच आहे, ठोक्यागणिक उठणारी लाट स्पष्ट दिसते. तिथे थोडं कॅल्शियम बाहेरून येतं आणि ते रायनोडीन रिसेप्टर उघडून साठ्यातलं भरपूर बाहेर काढतं. हृदयातला हा रिसेप्टर, आरवायआर-२, म्युटेशनमुळे गळका असेल तर पळताना किंवा घाबरल्यावर, म्हणजे अॅड्रेनालिन वाढलं की, मध्येच कॅल्शियम सुटतं आणि ठोका भलत्या वेळी पडतो, ईसीजी एरवी नॉर्मल असलेल्या मुलांमध्ये सुद्धा. स्नायूतल्या आरवायआर-१ मध्ये बिघाड असेल तर काही भुलीच्या औषधांनी कॅल्शियम सुटतच राहतं, स्नायू ताठतात, ताप भडकतो, आणि डँट्रोलीन हे औषध तो दरवाजा आवरतं.

आता कापलेला स्टार.

पहिली तक्रार, हा डाय आकडा देत नाही. याचा प्रकाश फक्त कमी-जास्त होतो, रंग सरकत नाही, त्यामुळे एखादी पेशी जास्त उजळ दिसली तर तिच्यात कॅल्शियम जास्त आहे की डाय जास्त भरलाय की ती जाड आहे हे नुसत्या प्रकाशावरून सांगताच येत नाही. म्हणून सुरुवातीच्या प्रकाशाने भागायचं आणि बदल दाखवायचा. 'रुग्णाच्या पेशीत बेसलाइन कॅल्शियम जास्त आहे' हे वाक्य फ्लुओ-४ च्या नुसत्या उजळपणावर कोणी लिहिलं तर माझा विश्वास बसत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. असा प्रश्न असेल तर फुरा-२ घ्या, ३४० आणि ३८० असे दोन प्रकाश टाकून त्यांचं गुणोत्तर काढता येतं, डाय कमी-जास्त भरल्याने फारसा फरक पडत नाही. त्याला यूव्हीची सोय लागते आणि ती सगळीकडे नसते, ती अडचण आहेच.

दुसरी, डाय गळतो आणि भलतीकडे शिरतो. ३७ डिग्रीला जास्त वेळ लोड केलं की ईआर, मायटोकॉन्ड्रिया अशा कप्प्यांत जाऊन बसतो आणि आपल्याला वाटतं आपण सायटोप्लाझम बघतोय. काही पेशी त्याला बाहेर टाकतात, मग ते थांबवायला प्रोबेनेसिड घालावं लागतं. तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही, की डाय स्वतः कॅल्शियम पकडतो. जास्त भरला तर तो बफरसारखा वागतो, छोटे सिग्नल गिळतो आणि मोठे सिग्नल संथ करतो, म्हणजे जे बघायला आलो तेच आपल्या हाताने बदललं जातं. चित्र छान यावं म्हणून डबल डाय टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि सप्लायरबद्दल. एकदा पार्सल आलं ते गरम, आतला आइस पॅक पूर्ण वितळलेला, आणि त्या बॅचने लोडिंग निम्मंही झालं नाही. आठवडाभर मेल केल्यावर त्यांनी बदलून दिलं, पण तोपर्यंत ज्या सेल्स तयार होत्या त्या गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन बॅचची एक बाटली आधी आयोनोमायसिनने, म्हणजे पडद्यातून कॅल्शियम आत सोडणाऱ्या रेणूने, तपासते: आयोनोमायसिन टाकल्यावर सगळं फील्ड झळाळलं पाहिजे आणि त्यावर कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए टाकल्यावर अंधार झाला पाहिजे. नाही झालं तर ती बॅच खऱ्या सॅम्पलवर वापरायची नाही, मग कितीही घाई असो.

दिवसेंदिवस तीच पेशी बघायची असेल, किंवा जिवंत उंदराच्या मेंदूत बघायचं असेल, तर यावर पैसे घालवू नका, जीकॅम्पसारखा जीनमधून बनणारा सेन्सर घ्या, त्याला वेळ लागतो पण तो टिकतो. फ्लुओ-४ हा त्याच दिवशी लोड करून त्याच दिवशी बघायचा डाय आहे. पेशंटच्या रक्तातून सकाळी काढलेल्या टी सेल्स, ज्यांच्यात जीन घालायला वेळच नाही, त्यांच्यासाठी मी दुसरं काही हातात घेणार नाही. पुढची ऑर्डर कालच टाकलीय, दहा बाटल्यांचा पॅक, आणि डीएमएसओची नवी सीलबंद बाटली सोबत.